पहिला हात ओबेडचा

ओबेड ट्रास्कच्या हाताचं काम वाखाणण्यासारखं होतं आणि तोंडाचं त्याच्या दुप्पट. जहाज किनाऱ्यावर ओढून आडवं केलं की त्याच्या फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकायचा आणि वरून गरम डांबर भरायचं, हा त्याचा धंदा. थॅचर्स कोव्हच्या धक्क्याला लागूनच त्याचं आवार होतं. आवारात तीन पायांची लोखंडी कढई होती आणि तिच्याखाली रविवार सोडून रोज जाळ असायचा. ठोकता ठोकता तो बोलायचा. इंग्लंडच्या राजाबद्दल, पार्लमेंटबद्दल, जकातवाल्यांबद्दल. ऐकायला कुणी नसलं तर जहाजालाच सांगायचा.

बोलायला कारणही होतं म्हणा. आमचं गाव कॉड माशावर आणि काकवीवर जगलेलं. मासे खारवून दक्षिणेकडच्या बेटांवर न्यायचे, तिथून काकवीची पिंपं आणायची आणि काकवीची रम गाळायची. वाडवडिलांपासून हेच चालत आलेलं. त्या काकवीवर कर होता, पण तो वसूल करणारे डोळे मिटून घ्यायचे आणि आम्हीही त्यांना त्रास द्यायचो नाही. मग लंडनमध्ये कुणाला तरी जाग आली. जकातवाल्यांना डोळे उघडे ठेवायचा हुकूम झाला. पुढे कागदावर पैसे भरून घ्यायचा शिक्का आला. मृत्युपत्र करा, शिक्का. लग्नाचा परवाना काढा, शिक्का. पत्ते खेळायचे तर त्यांच्यावरही शिक्का. गावागावांत दंगे झाले, शिक्का गेला आणि त्याच्या जागी काच, रंग, कागद, चहा यांच्यावर कर आला. ज्या सभेने हे ठरवलं तिच्यात आमचा एकही माणूस नव्हता. विचारणं तर सोडाच, ज्यांना विचारावं अशी आम्ही माणसं आहोत, हेही तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. राग कराचा जेवढा होता, त्याहून जास्त या न विचारण्याचा होता.

त्यामुळे १७६८ च्या उन्हाळ्यात काकवी चोरून उतरवणं हे पाप राहिलं नव्हतं, ते देशकार्य झालं होतं. कॅप्टन स्टॅनिफर्ड गावातला मोठा जहाजमालक. त्याने बारा पिंपं धुक्याच्या एका पहाटे दलदलीच्या काठाला उतरवली आणि जहाज लगेच खलाशांसकट बोस्टनला पाठवून दिलं. पिंपं लपवायचं काम दोघांकडे आलं. एक ओबेड. दुसरा एल्काना लव्हेट, शिडं शिवणारा, चाळिशीचा अविवाहित माणूस. ओबेड जितका बोलका, तितका हा मुका. खाऱ्या दलदलीत एल्कानाच्या वाट्याचं गवत होतं. भरतीचं पाणी लागू नये म्हणून ते खुंटांच्या मचाणांवर गंजी करून रचलेलं असे. दोघांनी सपाट होडीतून पिंपं नेली, तिसऱ्या गंजीखाली खुंटांमध्ये सारली आणि वरून गवत ओढलं.

"आता कॅप्टनने विचारलं तरी गंज कुठली ते सांगायचं नाही," एल्काना म्हणाला. त्या पहाटे तो बोललेलं बहुधा तेवढं एकच वाक्य.

"मी? मी कशाला सांगतोय!" ओबेड म्हणाला.

आणि पाचव्या दिवशी त्याने सांगितलं.

पैशासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. खबर देणाऱ्याला पकडलेल्या मालाचा तिसरा हिस्सा मिळायचा, पण ओबेडने त्यातली फुटकी कवडी घेतली नाही. त्याने सांगितलं ते निव्वळ मिजाशीपायी. जकातीची होडी गळत होती म्हणून त्यांचा एक तरुण कारकून ती ओबेडच्या आवारात घेऊन आला. इंग्लंडहून नवाच आलेला, स्वच्छ मोज्यांचा. होडी दुरुस्त होईतो तो पिंपावर बसून ओबेडला डिवचत राहिला.

"काय ट्रास्क, तुमच्या गावात आरडाओरडाच फार. या उन्हाळ्यात आमच्या नजरेतून एक पिंपसुद्धा सुटलं नाही. संपला तुमचा धंदा."

"असं म्हणता?" ओबेड म्हणाला.

"असंच म्हणतो. वाघासारखे गुरगुरता आणि आमची होडी दिसली की शेपूट घालता."

ओबेडच्या अंगाचा तिळपापड झाला. हातातली मोगरी खाली ठेवून तो म्हणाला, "साहेब, तुमच्या नाकाखालून बारा गेली, बारा! दलदलीतल्या गवतात नाक खुपसलं असतंत ना, तर मिशी गोड झाली असती."

कारकून हसला. ओबेडही हसला. संध्याकाळी घरी जाताना आपण राजाच्या माणसाला कसं गप्प केलं, हे आठवून तो पुन्हा एकटाच हसला. टॅमसिन म्हणजे त्याची बायको. तिने विचारलं, "आज एवढे खुशीत?" तर म्हणाला, "काही नाही गं, एकाची जिरवली."

दोन दिवसांनी जकातवाले लोखंडी सळया घेऊन दलदलीत उतरले आणि त्यांनी एकेक गंज भोसकायला सुरुवात केली. तिसऱ्या गंजीत सळई लाकडावर वाजली.

बातमी धक्क्यावर आली तेव्हा ओबेड कढई ढवळत होता. 'सळया' हा शब्द त्याने ऐकला. क्षणात त्याला सगळं कळलं. मिशी, गवत, हसणं, सगळं. तो ढवळतच राहिला.

गावाला खबऱ्या शोधायला फार वेळ लागला नाही. जागा माहीत होती दोघांना. त्यातला एक राजाला रोज शिव्या घालणारा ओबेड ट्रास्क. दुसऱ्याने गेल्याच महिन्यात जकातीच्या होडीचं शीड शिवून दिलं होतं, आणि तो कधी कुणाला शिव्या घालत नसे, कशाबद्दल बोलतच नसे. जो बोलत नाही त्याच्या मनात काहीतरी आहे, असं आमच्याकडे धरून चालतात. बोलणाऱ्याच्या मनात काही असेल, अशी शंका कुणाला येत नाही.

शनिवारी भर दुपारी पन्नासेक माणसं घेऊन कॅप्टन स्टॅनिफर्ड ओबेडच्या आवारात आला.

"ओबेड, डांबर तापव."

"कुणासाठी?"

"त्या लव्हेटसाठी. दुसरं कोण?"

खबऱ्याच्या अंगाला गरम डांबर फासून वर पिसं चिकटवायची आणि त्याला गावातून फिरवायचं, ही तेव्हाची रीत. आता ओबेडने बोलायचं होतं. 'अरे थांबा, तो नाही, माझंच तोंड सुटलं,' एवढंच. कॅप्टन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. फार तर गाव चार शिव्या देईल, मारेलसुद्धा कदाचित. ओबेडने तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातून शब्द फुटेना. आणि फुटला तो असा:

"किती लागेल?"

हे दोन शब्द त्याला पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत राहिले. मोगरीच्या ठोक्यात, जेवताना, प्रार्थनेत.

डांबर त्यानेच तापवलं आणि कढईही त्यानेच वाहिली. एल्कानाला शिडाच्या कोठीतून बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या हातात सुई होती. सदरा फाडून त्याला गाडीवर उभं केलं. कुणीतरी ओरडलं, "पहिला हात ओबेडचा! तोच तर खरा राजाचा वैरी!" लोकांनी ते उचलून धरलं. फटींत डांबर भरायचा लांब दांड्याचा कुंचला ओबेडच्या हातात आला.

एल्कानाने त्याच्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे स्थिर होते. अगदी हळू, शेजाऱ्याला काही सांगावं तसं तो म्हणाला, "ओबेड, कानात जाऊ देऊ नकोस हं."

ओबेडने पहिला हात मारला. कानात जाऊ दिलं नाही, एवढी काळजी मात्र घेतली.

पिसं एल्कानाच्याच घरातल्या गादीची होती. त्याची धाकटी बहीण मेहिटेबल दारात उभी होती. ती एप्रनला हात पुसत सगळं बघत राहिली. गळ्यात 'खबऱ्या' अशी पाटी अडकवून गावातून तीन फेऱ्या काढल्या. ओबेड गाडीच्या मागे चालत होता. सगळे ओरडत होते ते तोही ओरडत होता. नंतर दारूच्या गुत्त्यात त्याला रम पाजली गेली आणि तीही त्याने प्यायली.

डांबर निघायला तीन आठवडे लागले. त्याच्याबरोबर पाठीची आणि खांद्यांची कातडीही निघाली. त्यानंतरच्या रविवारी एल्काना गळ्याला फडकं गुंडाळून उपासनेला आला तेव्हा त्याच्या बाकावरची माणसं सरकून दूर बसली. ओबेड पुढच्या बाकावर होता. मागे वळून पाहावंसं त्याला फार वाटत होतं आणि मानेत जणू खीळ ठोकली होती. त्याने स्वतःची एक समजूत घालून घेतली. एल्कानाला वाटत असेल, कॅप्टनच कुठेतरी बोलला. किंवा जकातवाल्यांनी नुसती अटकळ बांधली. एल्काना काही बोललेला नाही, म्हणजे त्याला माहीत नाही. माहीत असतं तर गाडीवरूनच ओरडला नसता का? कुठलाही माणूस ओरडला असता. या समजुतीवर ओबेड आठ वर्षं जगला.

आणि ही आठ वर्षं काही साधी नव्हती. काच, कागद आणि रंगावरचे कर उठले, चहावरचा राहिला. बोस्टनमध्ये लोकांनी चहा समुद्रात फेकला, त्याची शिक्षा म्हणून बंदर बंद झालं, लाल डगलेवाल्या शिपायांनी शहर भरलं. आधी लोक म्हणायचे, पार्लमेंट वाईट पण राजा चांगला, त्याला कुणी खरं सांगत नाही. मग राजाबद्दलही कुजबुज सुरू झाली. या सगळ्यात ओबेड वर वर चढत गेला. गावाने नेमलेल्या समितीत त्याचं नाव आलं. घरोघर जाऊन चहा न पिण्याच्या शपथेवर सह्या घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. लोक उठून खुर्ची द्यायचे. "पहिला हात ओबेडचा" हा आता गावातला वाक्प्रचार झाला होता. धाडसाचं काही काम निघालं की कुणीतरी हसून तेच म्हणायचं, आणि ओबेडही कसनुसं हसायचा.

सह्या घेताना एकच घर तो गाळायचा. "लव्हेटकडे कशाला? गद्दाराच्या सहीला काय किंमत?" समितीत कुणीतरी म्हणालं आणि ओबेडने मान हलवली.

गद्दाराकडे शिडं शिवायला कोण देणार? गावात कुणी देईना. एल्काना राजाच्या जहाजांची शिडं शिवायला लागला, कारण तेवढंच काम उरलं होतं. बोस्टनला शिपाई आले तसा तोही बोस्टनला गेला. मेहिटेबल घर सांभाळत मागे राहिली.

चहाच्या त्या हिवाळ्यात ओबेडने टॅमसिनला सांगितलं. ती रासबेरीची पानं उकळत होती. गावात सगळे तोच कडवट काढा चहा म्हणून पीत असत. सगळं ऐकून तिने भांडं खाली उतरवलं.

"कुणाला सांगितलंत?" तिने विचारलं.

"तुलाच."

"मग आता आणखी कुणाला नको. पोरांची लग्नं व्हायचीत. चार माणसं मान देतात, ती घालवून बसाल." आणि जरा वेळाने म्हणाली, "अहो, पण तुम्ही कुंचला हातात कसा घेतलात हो?"

त्या दिवसापासून तिने मक्याच्या खिरीवर काकवी वाढणं बंद केलं. ओबेडने कधी मागितली नाही.

१७७५ च्या एप्रिलमध्ये लढाई पेटली तेव्हा तो गावच्या तुकडीबरोबर चालत गेला आणि दगडी बांधाआडून दिवसभर गोळ्या झाडल्या. डाव्या हाताची दोन बोटं गेली. बोटं गेली तेव्हा त्याला क्षणभर बरं वाटलं, आपण कुठेतरी काहीतरी भरून दिलं असं. पण परत आल्यावर गावाने त्याला खांद्यावर घेतलं आणि तो दिलासाही नासला. शरम झाकायला जावं आणि तिच्यावर लोकांनी हार घालावेत, असं त्याचं चाललं होतं.

पुढच्या मार्चमध्ये राजाचं सैन्य बोस्टन सोडून जहाजांनी उत्तरेला, राजाच्याच ताब्यातल्या हॅलिफॅक्सला निघून गेलं. त्यांच्याबरोबर राजाच्या बाजूची हजारेक माणसं गेली. एल्काना त्यांत होता.

"बघा!" गुत्त्यात कॅप्टन स्टॅनिफर्ड म्हणाला. "म्हटलं नव्हतं? पहिल्यापासून राजाचाच होता तो."

ओबेड पेला खाली ठेवून उठला. कुणी त्याला राजाचा केला, हे तिथे त्याला एकट्यालाच माहीत होतं.

आमच्या उपासना मंडळीत एक जुनी चाल आहे. मोठं पाप घडलं तर माणूस ते कागदावर लिहून पाद्र्याकडे देतो. रविवारी तो बाकांमधल्या वाटेत सगळ्यांसमोर उभा राहतो, पाद्री ते वाचतो आणि मंडळीतले पुरुष हात वर करून क्षमा देतात. लग्नाआधी मूल राहिलेली जोडपी, दारुडे, भांडखोर असे कितीतरी त्या वाटेत उभे राहून गेलेले. जुलैत ओबेडने कागद लिहिला आणि पाद्री हॉबर्टकडे नेला.

पाद्रीबाबांनी तो दोनदा वाचला. "ओबेड, हे तू आत्ता का आणलंस?"

"आठ वर्षं उशीर झालाय, पाद्रीबाबा. आणखी किती करू?"

"येत्या महिन्यात राजापासून वेगळं झाल्याचा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंडळीपुढे वाचायचा हुकूम आहे. अशा वेळी गावाच्या कार्याला काळं फासायचं? ज्याच्यासाठी हे करतोस तो तर शत्रूकडे गेला. कोण रडतंय त्याच्यासाठी?"

"त्याच रविवारी वाचा," ओबेड म्हणाला. "सगळा गाव येईल."

इथेही त्याला भरलेलं सभागृह लागलंच. स्वभाव कुठे जातो? पण त्याला ते मनापासून हवं होतं. गावाने आपल्याला शिव्या द्याव्यात, बाकावरून सरकून दूर बसावं, समितीतून काढावं, आणि एल्कानाचं नाव धुऊन निघावं. हे झालं की आपण पुन्हा माणसासारखे झोपू, असं त्याला वाटत होतं.

ऑगस्टातल्या त्या रविवारी दुपारी माणसं खिडक्यांत बसली होती. ओबेड वाटेत उभा राहिला. पाद्रीबाबांनी कागद वाचला. होडीतला कारकून, गवताची थट्टा, डांबर, पहिला हात. 'एल्काना लव्हेट निर्दोष होता आणि मला ते त्या वेळी माहीत होतं' हे शेवटचं वाक्य होतं. ओबेडच्या कानशिलांवरून घाम वाहत होता. तो शिव्यांची वाट बघत होता.

कॅप्टन स्टॅनिफर्ड उठला.

"बंधूंनो, ट्रास्कचं तोंड सैल आहे हे काय आपल्याला आज कळलं?" इकडेतिकडे हसू फुटलं. "पिंपं माझी गेली, मी माफ करतो. आणि लव्हेटचं म्हणाल, तर तो गेलाच ना शेवटी राजाबरोबर? माणूस बरोबर होता. आपली फक्त तारीख चुकली."

आता सगळेच हसले. पाद्रीबाबांनी क्षमेला अनुमोदन विचारलं आणि एकूण एक हात वर गेले. शेजारच्याने ओबेडला ओढून बाकावर बसवलं, पाठीवर थाप मारली. एवढ्यात सगळं आटोपलं, आणि पाद्रीबाबा जाहीरनामा वाचू लागले. राजाने काय काय केलं त्याची भली मोठी यादी होती. आमच्या संमतीवाचून कर लादले, हेही तिच्यात आलं, आणि लोकांनी माना डोलावल्या. ओबेड मांडीवर हात ठेवून बसला होता. एवढ्या सहज मिळालेली ती माफी त्याला अंगावर थुंकल्यासारखी वाटत होती.

बाहेर लोक बंदुकीचे बार काढत होते. ओबेड गर्दी टाळून मागच्या दाराने निघाला. मेहिटेबल लव्हेट तिथे पायरीवर उभी होती. बायकांना हात वर करायचा अधिकार नव्हता, त्यामुळे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मेहिटेबल," तो म्हणाला. टोपी काढली. "त्याला माहीत नव्हतं. आता तू तरी..."

"काय माहीत नव्हतं?" ती म्हणाली. "मी लोणी लावून त्याच्या पाठीचं डांबर सोडवत होते ना, त्याच दिवशी म्हणाला तो, हे ओबेडच्या तोंडून गेलं."

ओबेडने भिंतीला हात टेकला. "मग तो बोलला का नाही? गाडीवर..."

"मीही तेच विचारलं. भांडले त्याच्याशी. म्हणाला, त्यांनी दुसरी कढई चढवली असती, एवढंच. ओबेडची चार पोरं लहान आहेत आणि त्याला सोसणार नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि म्हणाला, तो येईल बघ. आतून जळत असेल. रविवारी उपासना सुटली की येईल. मग दर रविवारी घरी आला की दुसरी खुर्ची ओढून ठेवायचा माझा भाऊ. सहा वर्षं ठेवली. बोस्टनला गेला त्या रविवारीसुद्धा ठेवली होती. मी म्हटलं, अरे, आता तरी पुरे. तर म्हणाला, आज येईल."

ओबेड रडत होता. रडण्याची लाज आता त्याच्यात उरली नव्हती.

"मी लिहितो त्याला," तो म्हणाला. "आज लिहितो. पत्ता दे. हॅलिफॅक्सला कुठे?"

मेहिटेबलने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. पाद्रीबाबांचा आवाज अजून तिच्या कानात असावा.

"तिकडे पत्र कसं जाईल, ओबेड?" ती म्हणाली. "आत्ताच नाही का वाचलं? ते दुसरं राज्य झालं आता."